शाळेतला फोटोचा दिवस : आईबाबांनो, तुमचे अनुभव लिहा

जानेवारी लागला की स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि त्यांच्या मागोमाग वर्गाचा फोटो. बालवाडीपासून चौथीपर्यंतची मुलं ज्या घरात आहेत तिथे आदल्या रात्री काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. गणवेशाला इस्त्री, बुटांना पॉलिश, रिबिनी धुवून पंख्याखाली वाळत घातलेल्या, आणि मूल मात्र झोपायला तयार नाही.

मला या दिवसाबद्दल मनापासून आस्था आहे. मोबाईलमध्ये मुलांचे हजारो फोटो असतात, पण ते सगळे आपल्या अवतीभवतीचे. वर्गाच्या फोटोत मूल पहिल्यांदा आपल्याशिवाय, त्याच्या स्वतःच्या माणसांत उभं असतं. शेजारी कोण, हात कुठे, मान कशी, यातलं काहीच आपण ठरवलेलं नसतं. माझा मुलगा सीनियर केजीत आहे. यंदाच्या फोटोत त्याने शेजारच्या मुलाची बाही घट्ट धरली आहे. त्या मुलाचं नाव तो घरी दिवसभर घेत असतो, चेहरा मी त्या फोटोतच पहिल्यांदा पाहिला.

म्हणून मला वाटतं, या फोटोत वर्गातलं प्रत्येक मूल असावं आणि जसं आहे तसं असावं. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. मुलांची, शाळांची, स्टुडिओंची नावं नकोत आणि फोटोही टाकू नका.

नाशिकहून, पहिलीतल्या मुलाची आई

माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं आहे. कानामागे मशीन असतं आणि तिथून एक वायर वर जाऊन डोक्याला चुंबकाने चिकटलेल्या गोल चकतीला जोडलेली असते. केस बारीक कापले की ते ठळक दिसतं.

बालवर्गात असताना फोटोग्राफर त्याला म्हणाले, "बाळा, ते काढून ठेव, फोटो छान येईल." बाई दुसरी रांग लावत होत्या. त्याने मोठ्या माणसाचं ऐकलं आणि मशीन काढून खिशात ठेवलं. बाहेरचा भाग काढला की त्याला काहीही ऐकू येत नाही. "इकडे बघा", "हसा", हे बाकीच्या मुलांना ऐकू आलं, त्याला नाही. फोटोत सगळा वर्ग समोर बघतोय आणि हा शेजारच्या मुलाच्या तोंडाकडे, काय चाललंय ते समजून घ्यायला.

त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण मशीन नसलेला माझा मुलगा हा चांगला दिसणारा मुलगा, असं त्यांनी नकळत ठरवून टाकलं, आणि ते मला सहन झालं नाही. यंदा मी आधीच बाईंना भेटले आणि चिठ्ठी दिली : मशीन काढायचं नाही, बोलण्याआधी हात वर करून त्याचं लक्ष वेधायचं. बाईंनी ते वर्गालाच सांगितलं. मग फोटोग्राफरने हात वर केला की सगळीच मुलं हात वर करायला लागली, त्यामुळे थोडा वेळ गेला. चकती फोटोत स्वच्छ दिसते. निळी आहे, रंग त्याने स्वतः निवडलेला. सासूबाईंनी फोटो बाहेरच्या खोलीत लावलाय.

चष्मा, श्रवणयंत्र, कॅलिपर, इन्सुलिन पंप, मुलाला जे काही असेल त्याबद्दल शाळेला आधी लिहून द्या. त्या दिवशी घाईत कुणाला सुचत नाही.

इचलकरंजीजवळून, फोटोग्राफर आणि दोन पोरांचा बाप

ताई, तुमचं वाचून फार लागलं. पुढच्या हंगामापासून आमच्या पोरांना, म्हणजे हाताखालच्या मुलांना, हे पहिल्यांदा सांगणार.

आमच्या बाजूचंही थोडं लिहितो. एका सकाळीत दहा-बारा तुकड्या उरकायच्या असतात. शाळेला मधल्या सुट्टीची वेळ सोयीची वाटते, पण बाराच्या उन्हात डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा येतात. पोरांना उन्हाकडं तोंड करून बसवलं तर सगळी डोळे बारीक करतात. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी रांग झाडाच्या सावलीत आणि अर्धी उन्हात. इमारतीची मोठी, एकसारखी सावली ज्या बाजूला पडते तिथं सतरंजी टाकायची, त्यामागं बाकं, खुर्च्या, आणि उंच पोरं मागच्या बाकावर उभी. सकाळी साडेआठ-नऊला हे सगळं सोपं जातं. पालकसभेत वेळेचा विषय काढा, शाळा ऐकते.

डोळे मिटण्याचं काय? ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी याचं गणितच मांडलंय. त्याला 2006 सालचं गणिताचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. वीसच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात डोक्यांना तीनानं भागायचं, कमी उजेडात दोनानं, तेवढे फोटो काढायचे. पंधरा पोरांना पाच. आणि पन्नासच्या वर गेलात तर सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक फोटो मिळणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडं एका वर्गात पन्नास पोरं सहज असतात, म्हणून आम्ही वेगवेगळ्या फोटोंतले चेहरे जोडतो. मी वापरतो ती पद्धत सांगतो : "सगळ्यांनी डोळे मिटा" म्हणायचं, तीन आकडे मोजायचे, "उघडा" म्हणायचं आणि लगेच बटण दाबायचं. लहान पोरांना हा खेळ वाटतो आणि हसूही खरं येतं. "दात दाखवा" म्हटलं की नुसतेच दात येतात.

सांगलीहून

आमच्या मुलीचे पुढचे दोन दात फोटोच्या आदल्या आठवड्यात पडले. ती तोंड मिटून बसणार होती, पण वर्गात आणखी चौघींचे पडलेत हे तिला तिथेच कळलं. पाचही जणी तोंड पूर्ण उघडून बसल्यात. यापेक्षा चांगला पहिलीचा फोटो असू शकत नाही.

चंद्रपूरहून, दुसरीतल्या मुलीचे बाबा

माझी मुलगी रंगाने माझ्यावर गेली आहे. लोक सावळी म्हणतात. काळी आहे, आणि सुंदर आहे. मागच्या वर्षी शाळेतून तिचा एकटीचा फोटो आला तो उजळ करून. कपाळावरची लहानपणी पडल्याची खूणही गेलेली. वर्गाच्या फोटोत सगळी मुलं एकाच रंगाची. तिने बराच वेळ फोटो बघितला आणि विचारलं, "बाबा, माझा खरा फोटो खराब आला होता का?"

मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो. भांडायला नाही, मूळ फोटो मागायला. संगणकात तो होता. तिथल्या मुलाने सांगितलं की सगळ्या वर्गाला एकच सेटिंग लावतात, कारण बरेच पालक स्वतःहून येऊन "जरा गोरा करून द्या" म्हणतात. हे खरं असणार, आणि हेच जास्त दुःखाचं आहे. त्याने मूळ फोटोची प्रत पैसे न घेता काढून दिली. मुलीने दोन्ही शेजारी ठेवले आणि खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी."

यंदा आम्ही काही पालकांनी मिळून शाळेला लेखी कळवलं : चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही, खुणा पुसायच्या नाहीत, उजेड कमी-जास्त करायचा तो पूर्ण फोटोचा. मुख्याध्यापकांनी ते फोटोग्राफरच्या कामाच्या अटींत घातलं. तुमच्या शाळेतही हे करता येईल, एक पान पुरतं.

कोलंबस, ओहायोहून, किंडरगार्टनमधल्या मुलीची आई

इथल्या फॉर्मवर हे उघडच विचारतात. डाग घालवायचे का, दात पांढरे करायचे का, त्याचे वेगळे पैसे. पाच वर्षांच्या मुलीसाठी! चंद्रपूरच्या दादांचं वाचून तो चौकोन पुन्हा डोळ्यांपुढे आला. आम्ही तो रिकामा ठेवला होता.

इथे पिक्चर डे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. आमच्या शाळेत गणवेश नाही, त्यामुळे काय घालायचं हा घरोघरचा प्रश्न. मुलीला आजीने साताऱ्याहून पाठवलेलं हिरव्या खणाचं परकर-पोलकं घालायचं होतं. पण काही फोटोग्राफर हिरव्या पडद्यासमोर फोटो काढून मागचं दृश्य नंतर भरतात, तेव्हा हिरवा कपडाही त्या दृश्यात विरून जातो. नाही म्हणायच्या आधी मी ऑफिसला ईमेल करून विचारलं. पडदा साधा करड्या कापडाचा होता. ती परकर-पोलकं, टिकली आणि पायात स्नीकर्स अशी गेली. वर्गातल्या मुलींनी काठाला हात लावून बघितला म्हणे. फोटो बिघडला तर इथे रीटेक डे असतो, तो आम्हाला लागला नाही. आईने साताऱ्यात आलेली प्रत गल्लीत सगळ्यांना दाखवली.

बीड जिल्ह्यातून, शिरूर कासार तालुका, शिक्षिका आणि आई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, माझा मुलगा माझ्याच शाळेत तिसरीत आहे. आमच्याकडे फोटोची खरी अडचण वेगळीच. दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या गावात येतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात, त्यांना हंगामी वसतिगृहाचा आधार असतो. बाकीची जातात, कारण फडात धाकट्या भावंडाला बघायला कुणीतरी हवं.

आणि फोटो जानेवारीत! तिसरीचा वर्ग म्हणून अर्धीच पोरं सतरंजीवर. माझा मुलगा एकदा तो फोटो बघून म्हणाला, "मम्मी, यात माझे मित्र कुठंयत?" त्याच्या जवळचे दोघं तेव्हा कोल्हापूरकडे फडावर होते.

आता आम्ही फोटो पोळा झाल्यावर, घटस्थापनेच्या आधी काढतो. पटावरची जवळजवळ सगळी मुलं तेव्हा हजर असतात. पहिल्या वर्षी निरोप दिला तर आया कापूस वेचायचं सोडून शाळेत आल्या, व्हरांड्यात बसून वेण्या घातल्या. एकीने मला विचारलं, "बाई, एक फोटो कोपीवर न्यायला मिळंल का?" तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला लॅमिनेशन केलेली प्रत देतो. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, तिथे नुसता कागद टिकत नाही. या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. फोटो त्या कार्डासोबत देते. मागे शाळेचं नाव, इयत्ता आणि रांगेप्रमाणे सगळ्यांची नावं लिहिलेली असतात. एका मुलाने परत आल्यावर ती सगळी नावं मला पाठ म्हणून दाखवली.

फोटोची तारीख हातात असलेल्या शिक्षकांनो, पटावर सगळ्यात जास्त मुलं कोणत्या महिन्यात असतात ते बघून ठरवा. तेवढं आपल्याला करता येतं.

पुण्याहून, पालक-शिक्षक संघातली एक आई

बाई, तुमचं लिहिणं मी आमच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

आमच्याकडे अडचण पैशांची होती. फोटो आधी छापून घरी पाठवायचे, हवे असतील तर पैसे द्या, नको असतील तर परत करा. आपल्याच लेकराचा चेहरा असलेला फोटो परत कसा करायचा? आमच्या वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्क्यांतून आलेली मुलं आहेत. त्यांतली एक आई चार घरची पोळ्यांची कामं करते. तिने फोटो परत दिला तेव्हा मी ऑफिसबाहेर उभी होते. मुलगी सोबत होती आणि ती पाकिटाकडे बघत होती.

पुढच्याच सभेत आम्ही ठरवलं की वर्गाचा फोटो प्रत्येक मुलाला, खर्च संघाच्या निधीतून. एकेकट्याचा फोटो ज्याला हवा त्याने आधी मागणी नोंदवून घ्यायचा, न मागितलेला छापायचाच नाही. फोटोग्राफरही खूश झाले, त्यांची वाया जाणारी छपाई वाचली.

ठाण्याहून

एक छोटी भर. आमची शाळा हेच फोटो नावासकट फेसबुकवर टाकत होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. त्याचा उल्लेख करून नम्रपणे पत्र दिलं. आता वर्षाच्या सुरुवातीला संमतीचा कागद येतो, त्यात "फोटो काढा, पण समाजमाध्यमांवर टाकू नका" असा वेगळा पर्याय आहे. हा पर्याय वेगळा असायलाच हवा, नाहीतर नको म्हणणाऱ्यांच्या मुलांना फोटोतूनच उठवतात.

डोंबिवलीहून, ज्युनियर केजीतल्या मुलीची आई

सगळं वाचून काढलं, आता प्रश्न. मुलीला कांजिण्या आल्यात आणि वर्गाचा फोटो परवा आहे. तिचा तो पहिलाच. इचलकरंजीचे दादा, नंतर तिचा चेहरा जोडता येतो का?

इचलकरंजीजवळून

येतो. रांगेत तिची जागा रिकामी ठेवायला सांगा आणि नंतर तिथंच, त्याच वेळेला, तशाच उजेडात तिचा एकटीचा काढायला लावा, उंचीला शेजारी बाई उभ्या करून. पण आधी तारीख पुढं ढकलायला सांगून बघा. एक वर्ग मागं ठेवणं आम्हाला जड नाही, दुसऱ्या शाळेच्या फेरीत उरकतो. आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पोरीला घरीच ठेवा, बाकीची लहान आहेत.

डोंबिवलीहून

बाईंशी बोलले. वर्गात आणखी दोघांना आल्यात म्हणाल्या, त्यांच्याही आया विचारत होत्या. आमच्या तुकडीचा फोटो आता दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी नऊला. सावलीच्या बाजूचंही सांगितलंय.