अनुभव धागा: कॉन्व्हेंटमधले बिनमार्कांचे तास

मंडळी, भाचीला शाळेच्या क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, घेतलंय आणि घरात वाद पेटलाय की अभ्यास बुडेल का. म्हणून हा धागा. तुम्ही कॅथलिक शाळेत शिकला असाल, तर गाणं, खेळ, वक्तृत्व, नाटक यांनी काय दिलं आणि काय राहून गेलं, दोन्ही लिहा. गाव लिहा, शाळेचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. पुणे कॅम्प, १९८८ ते ९४. घरी आजी पेटीवर अभंग म्हणायची, तिच्यामागून मी. सहावीत सिस्टरांनी मला क्वायरमध्ये घेतलं आणि आल्टोच्या रांगेत उभं केलं. गाण्याची मुख्य चाल सोप्रानोवाल्या मुलींकडे. आमच्याकडे तिच्या खालून चालणारी दुसरीच. घरी म्हणून दाखवलं तर आजी म्हणाली, "बेसूर का गातेस गं?" ती ओळ एकटीने म्हटली की खरंच अर्धवट वाटायची. पहिला महिनाभर मी नकळत शेजारणीच्या सुरात घसरत होते. सिस्टर आधी पियानोवर फक्त आमची ओळ वाजवायच्या, मग दोन्ही एकत्र, मग हात काढून घ्यायच्या. "तिचं ऐक, पण तुझं सोडू नकोस," एवढंच सांगायच्या. आपलं संगीत एका सुरावटीचं. दुसऱ्याचा वेगळा सूर कानात असताना आपला धरून ठेवायचा, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

नाताळच्या कार्यक्रमाला आजी नऊवारी नेसून आली, पहिल्या रांगेत बसली. परतताना रिक्षात म्हणाली, "ती तुझी खालची ओळ म्हण बघू." आणि सभागृहात एकदाच ऐकलेली वरची चाल तिने स्वतः धरली, शब्दांशिवाय.

मडगावचा

ताई, आमच्याकडे ही परंपरा फार जुनी. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा (डो-रे-मी म्हणत सूर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोंयकार दिसायचे, त्याचं मूळ तिथे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. मी हिंदू घरातला, मला कुणी कधी वेगळं बसवलं नाही. व्हायोलिनं तीन आणि मुलं अकरा. आपली पाळी येईपर्यंत लाकडी पट्टीवर बोटं ठेवून सराव करायचा. आजही बसमध्ये बसलो की डावा हात मांडीवर बोटं मांडत असतो.

वसईकरीण

बाहेरच्यांना कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजीच डोळ्यांसमोर येते. आमच्या वसईत कॅथलिक शाळा मराठी माध्यमाच्याही आहेत. घरी सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, म्हणून वर्गात तोंड उघडायची लाज वाटायची. वक्तृत्वाची तयारी शाळा सुटल्यावर. फादर मला व्हरांड्याच्या पायरीवर उभं करायचे आणि स्वतः थेट फाटकापर्यंत चालत जायचे. तिथे ऐकू आलं नाही की हात वर. मग तेच वाक्य पुन्हा. ओरडायचं नाही, शब्द शेवटपर्यंत पुरा करायचा. बोलीची कधी थट्टा केली नाही, उलट एक उतारा मुद्दाम सामवेदीत म्हणायला लावला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर आई रडत होती. आमच्या मराठीवरची शंका त्या दिवशी मिटली, असं तिला वाटलं.

गिरणगावातली

सगळं गोड वाचलं, आता माझं लिहिते. मला नाच यायचा, चांगला यायचा. गॅदरिंगच्या नाचात दर वर्षी निवड व्हायची आणि पोशाखाचे पैसे भरायच्या दिवशी नाव गळायचं. गिरणी बंद, बाबा घरी. टीचर रागावल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत, फक्त यादीतलं पुढचं नाव वाचलं. चार वर्षं हेच. कार्यक्रमाच्या दिवशी मी पडदा ओढायला असायचे, सगळा नाच पाठ. आज मी स्वतः शिक्षिका आहे. आमच्याकडे पोशाख शाळेचे असतात, धुऊन कपाटात ठेवतो, दरवर्षी तेच काढतो. शाळा चालवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर एवढं कराच.

मरीन लाइन्स

हॉकी. मैदान कसलं, कठीण जमिनीचा पट्टा, पडलं की गुडघा सोललाच. आमच्या भागातल्या कॅथलिक शाळांच्या मुलांना मर्झबान पटेल सरांनी वर्षानुवर्षं शिकवलं, भारताचा माजी कर्णधार विरेन रस्किन्हा त्यांच्याच हाताखालचा. सरांना २०१९ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, त्या दिवशी आम्ही जुने सगळे एकमेकांना फोन करत होतो. मी राखीव खेळाडूच राहिलो, पण बाकावर बसून सामना वाचायला शिकलो.

नगर जिल्हा

आमच्याकडे एका तासाला वर्ग दोन भागांत जायचा. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, बाकीची मूल्यशिक्षणाला. ती फाळणी मला आवडत नसे, जिवलग मित्र पलीकडे जायचा. डिसेंबरात मात्र गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बांधायला सगळे एकत्र. कडबा आमच्या रानातला, वाळू ओढ्यातली. गवतासाठी अळीव पेरायचे, तेही आमचंच काम, कारण दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही ते नेहमीच पेरायचो. एका वर्षी मेंढपाळाच्या मूर्तीचं डोकं फुटलं. मी घरून किल्ल्यावरचा मावळा आणला आणि मेंढरांमागे उभा केला, ढाल-तलवारीसकट. सिस्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग कडब्याची एक काडी मोडून तलवारीवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "आता बरोबर. रात्रीची राखण हाच करेल."