काश्मिरी गेटची दुर्गापूजा राजधानीच्या आधीची कशी?

प्रश्न (जुनी दिल्ली)

दिल्लीतील बंगाली समाजाच्या दुर्गापूजेविषयी वाचताना एक विधान सर्वत्र आढळते, ते असे की कोलकात्याहून राजधानी हलली, तिच्यामागोमाग सरकारी कचेऱ्यांतील बंगाली कारकून आले आणि त्यांनी ही पूजा येथे रुजवली. परंतु राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा पंचम जॉर्ज यांनी 12 डिसेंबर 1911 रोजी दरबारात केली, आणि काश्मिरी गेटच्या नावाने ओळखली जाणारी, शहरातील सर्वांत जुनी सार्वजनिक पूजा तर 1910 पासूनची आहे. मग ती सुरू करणारे बंगाली येथे आले केव्हा, आणि घरापासून इतक्या दूर मूर्तीची व्यवस्था त्यांनी कशी केली?

प्रतिसाद (रेल्वेप्रेमी)

आपली शंका रास्त आहे. राजधानीला या कथेत वाजवीपेक्षा जास्त श्रेय दिले जाते. माझ्या मते त्यातील मोठा वाटा रेल्वेला द्यायला हवा. 1860 च्या दशकात ईस्ट इंडियन रेल्वे हावड्याहून दिल्लीपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर स्टेशनमास्तर, हिशेबनीस, तारबाबू, डॉक्टर, वकील, शिक्षक असा इंग्रजी शिकलेला बंगाली वर्ग उत्तरेच्या शहरांतून पसरत गेला. दिल्लीत हा समाज इतका स्थिरावला होता की 1899 मध्येच त्याने मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. ज्यांची शाळा होती, त्यांनी अकरा वर्षांनी पूजा सुरू केली, यात नवल नाही.

त्या पूजेचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. बंगालमध्ये दुर्गापूजा दीर्घकाळ जमीनदारांच्या वाड्यातील ठाकुरदालनात, म्हणजे पूजेसाठी राखलेल्या दालनात, होत असे. हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा येथे 1790 च्या सुमारास बारा मित्रांनी वर्गणी काढून पूजा केल्याची परंपरा सांगितली जाते, आणि कोलकात्यात सार्वजनिक पूजेची सुरुवात झाली तीही 1910 च्या सुमारासच. दिल्लीतील नोकरदाराकडे ना वडिलोपार्जित दालन होते, ना पूजेच्या खर्चासाठी लावून दिलेली जमीन, त्यामुळे येथे समिती आणि वर्गणी हाच पहिल्यापासून एकमेव मार्ग होता. रोशनपुऱ्यातील कालीमंदिरात आरंभ झाला आणि सुरुवातीच्या वर्षांत मूर्ती बनारसहून आणली जाई. बनारस निवडण्याचे कारण उघड आहे, कारण तेथे बंगाली वस्ती फार जुनी होती. तेथील जुन्या दुर्गाबाडीतील 1767 ची म्हणून सांगितली जाणारी मूर्ती तर आजवर विसर्जित झालेली नाही. पुढे कारागीर बोलावून मूर्ती दिल्लीतच घडू लागली.

प्रतिसाद (तिमारपूरकर)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, तथापि कारकुनांचा वाटा कमी लेखू नये. नवी दिल्ली उभी राहीपर्यंत सचिवालय सिव्हिल लाइन्समध्ये होते आणि त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी जवळच तिमारपूरची वसाहत बांधली गेली. तेथील पूजा 1914 पासूनची आहे. सरकारबरोबर देवीनेही स्थलांतर करावे, ही सवय या वर्गाला उन्हाळी राजधानी सिमल्यातच लागली होती, जेथील कालीबाडी (कालीमंदिर) 1845 पासूनची मानली जाते. कार्यालये नव्या दिल्लीतील रायसीना टेकडीकडे गेल्यावर आजच्या मंदिर मार्गावर 1930 च्या दशकात नवी दिल्ली कालीबाडी उभी राहिली आणि तिच्या समितीचे पहिले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते.

फाळणीनंतर आलेल्यांचा अनुभव मात्र अगदी वेगळा होता, आणि तो स्वतंत्रपणेच सांगायला हवा. कारकुनाला रजा काढून आश्विनात गावच्या पूजेला जाता येत असे. पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्यांचे गावच दुसऱ्या देशात गेले होते. त्यांच्यातील दिल्लीत नोकरी करणाऱ्यांनी 1954 मध्ये संघटना स्थापून सरकारकडे जमिनीची मागणी केली आणि 1960 च्या दशकात शहराच्या दक्षिणेस, तेव्हाच्या ओसाड खडकाळ भागात, त्यांना भूखंड मिळाले. हेच आजचे चित्तरंजन पार्क. 1970 च्या दशकात तेथे एकापाठोपाठ एक पूजा सुरू झाल्या. शहरातील वर्दळ आज तिकडेच वळते, याचे मूळ या वसाहतीच्या घडणीत आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काश्मिरी गेटच्या पूजेत आरंभीच्या काळातील काही टिकून आहे का?

प्रतिसाद (रेल्वेप्रेमी)

बरेच आहे. जागा अनेकदा बदलली आणि 1968 पासून ती अलीपूर रोडवरील बंगाली शाळेच्या आवारात होते. म्हणजे समाजाने आधी काढलेल्या शाळेनेच पुढे पूजेला आसरा दिला. देवी आणि तिची चारही मुले एकाच प्रभावळीखाली असलेली एकचाला मूर्ती आणि पांढऱ्या शोल्याचा (एका पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याचा) साज तेथे आवर्जून जपला जातो, आणि विसर्जनाची मिरवणूक बैलगाडीवरून काढण्याची प्रथाही या पूजेची ओळख ठरली आहे. नदीशी असलेला संबंध मात्र बदलला. 2019 मध्ये गंगा व तिच्या उपनद्यांत मूर्तिविसर्जनास मनाई करून 50,000 रुपयांच्या दंडाची तरतूद झाली, यमुना त्यात आलीच, आणि तेव्हापासून दिल्लीतील समित्यांना विसर्जनासाठी खोदलेल्या कुंडांचा आधार घ्यावा लागतो. नदीची अवस्था पाहता हा निर्णय मला योग्यच वाटतो.