टायमिंग बेल्ट बदलल्यापासून गायमुखच्या चढाला गाडी दम टाकते

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून टिकवली आहे, विकायची नाही. दिवाळीआधी टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बदलून घेतला आणि तेव्हापासून बिनसलंय. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, मिसिंग अजिबात नाही. पण वसईला मावशीकडे जाताना गायमुखचा चढ जिथे तिसऱ्यात चढायची, तिथे आता दुसऱ्यात घालून पाय तळाला टेकवला तरी रेटत नाही. माजिवड्याकडे सपाटीवर एकदा वेग धरला की मात्र बरी पळते. मेकॅनिकने माझ्यासमोर टायमिंग लाइट (ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा दिवा) मारून दाखवली, खूण बरोबर होती. तो म्हणतो कार्ब्युरेटर गेला, नवा टाका. मला पटत नाही. बेल्टच्या आदल्या दिवशीपर्यंत हाच कार्ब्युरेटर चालत होता ना?

ऐरोलीवाला:
डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीची) कार्ब्युरेटरकडून काढा आणि तोंडाने हवा ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय. जुन्या गाड्यांत हे फार होतं.

घोडबंदरकर:
आत्ताच केलं. जीभ चिकटून राहते, पडदा शाबूत आहे. प्लगही काढून पाहिले, तिन्ही छान चॉकलेटी.

जुना फिटर, नेरूळ:
कार्ब्युरेटरला हात लावू देऊ नका. आधी एक बघा: डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट त्याच्या लांबट खाचेत मध्यावर आहे की पार टोकाला?
का विचारतो ते सांगतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरून, फिरतो. बेल्ट एक दाता चुकला की कॅम मागे पडतो आणि त्याच्याबरोबर ठिणगीही मागे पडते. एका दात्याला क्रँकचे (पिस्टन फिरवतात तो दांडा) पंधरा-वीस अंश तरी जातात. मग गाडी ओढत नाही म्हणून मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणतो. लाइट मारली की खूण बरोबर दिसणारच, कारण लाइट फक्त ठिणगी दाखवते, व्हॉल्व्ह दाखवत नाही. व्हॉल्व्ह मात्र उशिरानेच उघडतात, उशिरानेच मिटतात. पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक उघडाच राहतो, घेतलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा थोडा भाग परत बाहेर जातो. म्हणून कमी फेऱ्यांना दम नाही आणि वेग धरल्यावर बरी. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच आहे.
व्हॅक्यूम गेज (इंजिनची ओढ मोजणारं मीटर) मिळालं तर इनटेकला लावा. चांगलं इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. काटा न थरथरता त्याच्या बराच खाली बसला असेल तर कव्हर उघडायला सांगा. क्रँक आणि कॅम, दोन्ही पुल्यांच्या खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून परत बघा, कॅम निम्म्या गतीने फिरतो.

घोडबंदरकर:
काका, बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला आहे! उद्याच दुसऱ्या गॅरेजला नेतो.

जुना फिटर, नेरूळ:
बेल्ट बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायला लावा आणि खुणा पुन्हा बघा. टेन्शनर आवळताना ताणाच्या बाजूला ढिलाई राहिली की तिथेच दाता सरकतो. समोर उभे राहा.

घोडबंदरकर:
रविवारी काम झालं. गेजचा काटा १३ वर निश्चल होता. कव्हर उघडल्यावर कॅमची खूण बरोबर एक दाता मागे. बेल्ट बसवला, दोन फेरे फिरवले, डिस्ट्रिब्युटर मध्यावर आणून पुन्हा लाइट मारली. काटा १९ वर आला. संध्याकाळी बाबांनाच चालवायला दिली. गायमुखला तिसऱ्यात चढली, आणि बाबा वर पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसते इंजिन ऐकत होते. काका, नेरूळला कुठे भेटू शकाल? बाबांना तुम्हाला चहाला भेटायचंय.