उन्हाळ्यात चराईवरच्या बोकडांचे वजन कसे टिकवावे?

विचारणा: शेळीपालक, काटोल

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बेरारी जातीचा लहानसा कळप असून तो जवळपास पूर्णपणे चराईवर आहे. मार्च संपला की बकऱ्या सकाळीच बाभळीखाली घोळका करून, एकमेकींच्या सावलीत माना खाली घालून उभ्या राहतात आणि उन्हे कलेपर्यंत हलत नाहीत. होळीपर्यंत भरत आलेले बोकड मे महिन्यात इतके उतरतात की पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका बोटांना लागतो. त्यांना दिवसभर रानातच ठेवावे, की गोठ्यात बांधून खाऊ घालावे?

उत्तर: हिंगण्याहून

भाऊ, बकऱ्या सावलीत थांबतात तो आळस नव्हे. चारा पोटात आंबताना उष्णता निर्माण होते, आणि बाहेर पारा ४५ अंशांवर असताना ती अंगाबाहेर टाकणे कठीण जाते, म्हणून जनावर आपणहूनच खाणे कमी करते. अशा वेळी कळप रानात फिरवत ठेवला तर पोटात चारा वाढत नाही. उलट चालण्यात आणि धापा टाकण्यात होती ती शक्तीही खर्च होते. उजाडताच सोडावे, ऊन तापण्याआधी परत आणावे, आणि सायंकाळी पुन्हा न्यावे. तुरीचे कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), त्यावर थोडी सरकीची ढेप म्हणजे पेंड, हे रात्रीच द्यावे, कारण तेव्हा हवा उतरलेली असते. बाभळीच्या वाळक्या शेंगा याच दिवसांत गळतात. त्यांत प्रथिने चांगली असतात, पण तुरटपणामुळे त्या मोजक्याच द्याव्यात.

माझ्या मते मात्र खरा उपाय विण्याच्या हंगामात आहे. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो. मेअखेर बकऱ्या फळल्या तर करडे ऑक्टोबरअखेर येतात, तेव्हा पाला भरपूर असतो आणि आईला दूध असते. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेल्या करडांची वाढ दुधाअभावी जी खुंटते, ती पुढे पुरती भरून निघत नाही.

उत्तर: पशुवैद्यक, नागपूर

वरील सल्ला बव्हंशी योग्य आहे, परंतु मेअखेरच्या फळवणीबाबत माझे मत वेगळे आहे. तीव्र उष्म्यात पैदाशीच्या बोकडाच्या वीर्याची प्रत घसरते आणि ती सावरायला काही आठवडे लागतात. बकऱ्याही तेव्हा रोडावलेल्या असतात. पावसाने हवा थंडावल्यावर, जुलैच्या सुरुवातीला फळवावे आणि त्याआधी दोन-तीन आठवडे बकऱ्यांना वाढीव खुराक द्यावा. करडे डिसेंबरच्या थंडीत येतील, त्यामुळे गोठ्याला आडोसा आणि खाली कोरडे कुटार अनिवार्य समजावे, नाहीतर फुफ्फुसदाहाने करडे दगावतात.

मृगाच्या कोवळ्या गवताने वजन लगेच भरेल, अशी अपेक्षाही ठेवू नये. त्यात पाणीच फार. पोट भरते, अंगाला लागत नाही. ओल्या गवतावरून जंतांच्या अळ्या पोटात जातात, म्हणून दव सुकल्यावरच चरायला सोडावे. आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होण्याच्या रोगाची) लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी. खरे मांस पुढे अश्विन-कार्तिकात, गवत पिकून पाला जून झाल्यावर चढते.

पुन्हा विचारणा: काटोल

आपणा दोघांचेही आभार. पण बकरी ईदला भाव चांगला मिळतो, त्याचे काय करावे?

उत्तर: बोकडांचा व्यापारी, कामठी

दादा, ही ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, म्हणजे पुढची काही वर्षे ती भर उन्हाळ्यात, नंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी येईल. त्यासाठी निवडलेले मोजके बोकड होळीपासूनच वेगळे बांधून खुराकावर घ्यावेत. खुराक हळूहळू वाढवावा, आणि सावलीत गार पाणी कायम असावे. बाकीचे चराईवरच ठेवून पौषात विकावेत. वजन सकाळी पाणी पाजण्यापूर्वी करावे. हाडांसह मांस जिवंत वजनाच्या साधारण निम्मे किंवा थोडे कमीच निघते, त्यामुळे पाण्याने फुगलेल्या पोटाला जाणकार गिऱ्हाईक भाव देत नाही.