तीन दिवस ऑफिस सक्तीचं केलं, पण टीम सांभाळायची कशी?

वाकडचा_लीड

आयटी कंपनीत माझी टीम अकरा जणांची. सात पुण्यात, दोघं नागपूरला, एक कोल्हापूरला, एक अकोल्यात. पुण्यातल्या सातांना आठवड्यात तीन दिवस हिंजवडी फेज ३ ला यावंच लागतं, कुठले तीन ते ज्याचं त्याने ठरवायचं. दर सोमवारी एचआरकडून एक्सेल येते, ज्याचे गेटवरचे कार्ड स्वाइप कमी त्याचं नाव लाल, आणि मग मी त्याला फोन करून विचारायचं का आला नाहीस. काही जण येतात, स्वाइप मारतात, चहा पितात आणि अकरा वाजता परत निघतात, तरी त्यांचं नाव हिरवंच राहतं.

गेल्या मंगळवारचं सांगतो. आम्ही पाच जण शेजारशेजारच्या टेबलांवर, हातभर अंतरावर, आणि पाचही जण हेडफोन लावून एकाच मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या कॉलवर, कारण बाकीचे सहा बाहेर. एकाचा माइक चालू राहिला की सगळ्यांना आवाज घुमायचा, मग हाताने खुणा, म्यूट कर म्यूट कर. त्यातला एक सिंहगड रोडवरून येतो, भूमकर चौकात पाऊण तास अडकून आला होता, आणि दिवसभर तेच केलं जे घरून केलं असतं. साडेचारला ट्रॅफिकच्या आधी म्हणून निघाला तेव्हा त्याचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच की हजेरी मोजणं म्हणजे टीम सांभाळणं नाही. घरून काम केल्याने लोक बिघडतात हेही मला पटत नाही. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ लोकांवर प्रयोग झालाय, स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम त्यात होते, २०२४ ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. वाढदिवसाची तारीख सम का विषम यावरून गट पाडले, एका गटाला बुधवार-शुक्रवार घरून काम. दोन वर्षं बघितलं, प्रमोशन आणि परफॉर्मन्समध्ये फरक नाही, आणि नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले. प्रयोगाच्या आधी तिथल्या मॅनेजर लोकांना वाटत होतं काम घटेल, नंतर त्यांचंच मत उलटं झालं.

तुमच्याकडे काय चालतं?

जुनाजाणता

बावीस वर्षं या धंद्यात आहे, मला तुमचं अजिबात पटलं नाही. तो प्रयोग मीही वाचलाय. त्यातले लोक आठवड्यात तीन दिवस ऑफिसात एकत्र बसतच होते, त्यामुळे तो तुमच्या बाजूने जेवढा तेवढाच माझ्याही बाजूने.

दुसरा एक अभ्यास बघा, अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअर लोकांचा. काही टीम एकाच बिल्डिंगमध्ये, काही टीमचे लोक दोन बिल्डिंगांत वाटलेले. एकत्र बसणाऱ्यांना कोडवर जास्त फीडबॅक मिळायचा, नव्या पोरांना तर खूपच. कोविडमध्ये सगळे घरी गेले आणि हा फरक जवळपास संपला.

माझ्याकडे एक सोलापूरचा मुलगा लागला, हुशार, पण भिडस्त. घरून काम करताना तीन दिवस एकाच एररवर अडकला होता. त्याच्या मशीनवर चुकीची सेटिंग चालू होती, बघणाऱ्याला पाच मिनिटांत दिसली असती. का विचारलं नाहीस म्हटलं तर म्हणाला, सर टीम्सवर तुमचं स्टेटस कायम लाल होतं, तुम्ही बिझी असाल असं वाटलं. हे ऑफिसात झालंच नसतं, मी पाणी प्यायला उठलो असतो तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत २५ टक्केच लोक एका वेळी ऑफिसात लागतील, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस बोलावलं. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तेच केलं. एवढ्या मोठ्या कंपन्या उगाच माघार घेत नाहीत.

दोन_डबे

जुनाजाणता, तुमच्या सोलापूरच्या मुलाबद्दल मला खरंच वाईट वाटलं, पण तुमच्या बोलण्यात ऑफिस म्हणजे सगळ्यांना सारखंच मिळतं असं गृहीत धरलंय, तसं नसतं हो.

मी सकाळी सहाला दोन डबे करते, एक मुलीचा एक माझा, हडपसरहून निघते, जाऊन-येऊन तीन तास. संध्याकाळी साडेपाचला मला ऑफिसातून निघावंच लागतं कारण पाळणाघर सातला बंद होतं. आणि आमच्याकडे खरे निर्णय सहानंतर खाली टपरीवर होतात. मी ऑफिसात हजर असते तरी दुसऱ्या दिवशी मला कळतं की माझंच मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलं. म्हणजे मी आले काय आणि घरी बसले काय, त्या चहाच्या ग्लासापर्यंत मी पोचतच नाही.

२०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत आलं होतं की पन्नास किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. मी हे विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले बघू. माझी सक्तीबद्दल तक्रार नाही, दिवस ठरलेले असतील तर मी येईन. पण रविवारी रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो की उद्या सगळे या, तेव्हा मी मुलीला कुठे ठेवू?

पहिली_नोकरी

मी दीड वर्षापूर्वी लागले, लातूरची आहे, हिंजवडीत पीजीत राहते. एका खोलीत तीन कॉट, टेबल एक, त्यामुळे घरून काम मला नकोच असतं, मी पाचही दिवस जाते. पण ज्यांच्याकडून शिकायचं ते सीनियर लोकच येत नाहीत, किंवा आले की दिवसभर कॉलवर. मी एकटी त्या थंडगार एसीत बसलेली असते. आमच्याकडे सक्तीसुद्धा आहे आणि शिकणंसुद्धा होत नाहीये.

जुनाजाणता

हे मात्र खरं आहे आणि दोष आम्हा सीनियर लोकांचा आहे. मी वर ज्या अभ्यासाचं सांगितलं त्यात आणखी एक गोष्ट होती ती मी लिहायला हवी होती, की शेजारी बसून शिकवणाऱ्या सीनियरचं स्वतःचं काम कमी होतं. आता अप्रेझलला त्याने सोडवलेले टिकेट, म्हणजे नेमून दिलेली कामं, तेवढीच मोजली तर तो पुढच्या वर्षी कशाला शिकवेल? तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. घरी बसून शिकवणं आणखी अवघड आहे.

वाकडचा_लीड

पहिली_नोकरी, तुमचं वाचून मी माझ्या टीममधल्या दोन नव्या मुलांशी बोललो. जवळपास हेच म्हणाले. म्हणजे मी ट्रॅफिकचा विचार केला तेवढा त्यांचा केला नव्हता, इथे जुनाजाणतांचं बरोबर आहे.

पण अकोल्याचा माझा माणूस तुम्हाला सांगायचाय. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणून तो तिथून काम करतो, मंजुरी घेऊन. मागच्या वर्षी प्रॉडक्शनचे, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचे, सगळ्यात अवघड इश्यू त्याने सोडवले. सगळ्या टीमची रेटिंग एकत्र ठरवायच्या कॅलिब्रेशन मीटिंगमध्ये त्याचं नाव आलं आणि दुसऱ्या टीमचा मॅनेजर म्हणाला, हा कोण, कधी दिसला नाही. पुढच्या दोन मिनिटांत त्याचं रेटिंग एक पायरी खाली. मी बोललो, पण माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं, नुसतं तोंडी सांगत होतो. त्या रात्री त्याला फोन करायला मला हिंमत झाली नाही, दुसऱ्या दिवशी केला. आता प्रत्येकाने काय केलं ते मी दर शुक्रवारी तारखेसकट लिहून ठेवतो, आणि कोणी कोणाला शिकवलं तेही त्यात असतं.

बाकी या महिन्यापासून मंगळवार आणि गुरुवार पुण्यातले सातही येणार, महिनाभर आधी ठरलेलं, बदलायचं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही कॉल नाही, नव्या मुलांचं कोड शेजारी बसून बघायचं. आणि दोन_डबे यांचं वाचून एक नियम वाढवला, टपरीवर ठरलेलं काहीही ग्रुपवर लिहिल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही. तिसरा दिवस ज्याचा त्याने बघावा.

जुनाजाणता

तिसराही ठरवून टाका. मोकळा सोडलात की त्या दिवशी पुन्हा तेच, हेडफोन लावून पाच जण. शुक्रवारी लिहून ठेवायचं मात्र मी उद्यापासून सुरू करतो.

दोन_डबे

तिसरा दिवस ठरवायचा तर बुधवार नको. तीन दिवस सलग पाळणाघर कोणालाच जमत नाही.