'पर्सेपोलिस'वर चर्चा घ्यायची आहे, कुठली पानं निवडू?

पानपलटी : वाचनगटात मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस' घेतोय, इराणमधल्या स्वतःच्या लहानपणावरची तिची चित्रकथा. सतरा-अठरा वर्षांची मुलं, वेळ दोन तास. असल्या पुस्तकांवर गाडी "बुरखा चांगला की वाईट" यावर घसरते आणि चित्रं कुणी बघतच नाही. मुसलमान म्हटल्यावर डोक्यात येणारा ठोकळा हे पुस्तक नेमकं कुठे फोडतं, ती ठिकाणं सांगाल का?

रेघोटी : पहिलं प्रकरण घ्या, पण मजकूर झाकून. साल 1980, मार्जी (म्हणजे लहानपणची सात्रापी) दहा वर्षांची, डोक्यावर नवा रुमाल. दुसऱ्या चौकटीत वर्गाचा फोटो आहे आणि ती कडेला कापली गेलीय. मुलांना एवढंच विचारा : या मुली एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखायच्या? कपडे सारखेच, त्यामुळे डोळे, भुवया, बटा, ओठांचा कोपरा इथेच शोधावं लागतं. लगेच पुढे शाळेचं मैदान येतं. तिथे तोच रुमाल दोरीउड्यांना, घोड्याच्या लगामाला, भूत बनायला वापरलाय. सक्ती आहे, पण मुली गरीब गाय नाहीत. हे बोलून सांगू नका, त्यांचं त्यांना दिसू द्या. या एका प्रकरणाला अर्धा तास सहज जातो.

कालगणना : त्याआधी फळ्यावर चार सालं लिहा, नाहीतर "तिकडे पहिल्यापासून असंच" हे वाक्य येणारच. 1936 मध्ये इराणचा राजा रझा शाह याने बुरखा आणि चादोर (डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं वस्त्र) यांवर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून ओढून काढत. 1979 मध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तेहरानच्या बायका सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये सगळ्याच बायकांसाठी सक्तीचा कायदा आला. आणि 2003 मध्ये फ्रान्समध्ये शाळांतल्या रुमालबंदीचा वाद पेटला तेव्हा सात्रापीने बंदीलाही विरोधच केला. तिचं भांडण जबरदस्तीशी आहे. हे कळलं की चांगला-वाईटचा वाद आपोआप थंडावतो.

उलटतपासणी : थोडा विरोधी सूर लावतो. हे घर डाव्या विचारांचं, सुखवस्तू, आईच्या बाजूने थेट इराणच्या जुन्या काजार राजघराण्यापर्यंत नातं. बाहेरच्या वाचकाला मार्जी जवळची वाटते कारण ती पंक संगीत ऐकते, ब्रिटिश पॉप गायिका किम वाइल्डचं पोस्टर लावते. मग इराण्यांबद्दलचा ठोकळा फुटतो, श्रद्धाळू माणसाबद्दलचा तसाच राहतो. निदर्शनांच्या चौकटीतल्या चादोरवाल्या बायका पाहा, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. ही पुस्तकाची मर्यादा आहे, ती मुलांपुढे झाकू नका.

रेघोटी : मर्यादा मान्य. पण दोन माणसं सुटली तुमच्याकडून. एक, घरकाम करणाऱ्या नसरीनबाई. शाळेत त्यांच्या मुलाला सोनेरी रंगाची प्लॅस्टिकची किल्ली देतात : इराकशी चाललेल्या युद्धात मेलास तर स्वर्ग उघडेल. आयुष्यभर धर्म पाळलेली ही बाईच म्हणते की आता कशावरच विश्वास बसत नाही. दुसरा, दुसऱ्या भागातला मुल्ला. विद्यापीठाच्या वैचारिक परीक्षेत मार्जी सांगते, अरबी येत नाही, मी फारसीत प्रार्थना करते. तो तिला खरं बोलल्याबद्दल पास करतो. सत्तेच्या खुर्चीत बसलेला आणि तरीही खरा धार्मिक माणूस, हा प्रसंग वगळलात तर चर्चा लंगडी होईल.

किल्लीच्या प्रकरणाचं शेवटचं पान मात्र घ्याच. वर सुरुंगात उडालेल्या पोरांच्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली पार्टीत नाचणारी मुलं. अंगांचे झोक सारखेच. कोण मरतं आणि कोण नाचतं हे इथे गरीब-श्रीमंत वर्ग ठरवतो, धर्म नव्हे.

पानपलटी : आणि देवाचे प्रसंग? ते फार लहान मुलीचे वाटतात.

उलटतपासणी : तेच तर नीट वाचा. सहा वर्षांची मार्जी प्रेषित व्हायचं ठरवते, रात्री देवाशी गप्पा मारते, आणि देव दिसतो मार्क्ससारखा. तिच्या लाडक्या अनूशकाकाला क्रांतीनंतरचं सरकार मारून टाकतं, तेव्हा ती देवाला हाकलून देते. धर्म म्हणजे इथे आधी तिचा स्वतःचा देव, मग सरकारचा. हा फरक दाखवायला ही दोनच पानं पुरेत.

कालगणना : एक व्यवहाराचं. पुस्तकात राखाडी छटा नाहीत, सगळं निव्वळ काळं-पांढरं. साध्या झेरॉक्सवर मोठे काळे भाग फिके, पट्टेरी येतात आणि चादोरच्या घड्या दाखवणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा बुजतात. पडद्यावर दाखवा किंवा चार जणांत एक प्रत द्या. 2007 चा सिनेमा नंतर, आधी नको. हलत्या चित्रात दोन चौकटींमधली जागा उरत नाही. आणि तुरुंगातल्या छळाच्या चौकटी आहेत, त्यांची कल्पना मुलांना आधीच देऊन ठेवा.