मॉरिस मरीनाची बदनामी रास्त आहे का?

मूळ लेखन

ब्रिटिश मोटारउद्योगाच्या ऱ्हासाचा विषय निघाला की मॉरिस मरीना या गाडीचे नाव हमखास पुढे येते. एका लोकप्रिय ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात तर तिच्यावर वरून पियानो टाकण्याचा प्रकार वारंवार झाला. ही बदनामी मला अन्यायकारक वाटते.

१९६८ मध्ये विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड उभी राहिली आणि तिची सूत्रे डोनाल्ड स्टोक्स यांच्या हाती आली, तेव्हा फोर्ड कॉर्टिनाला थेट तोंड देईल अशी साधी, स्वस्त कौटुंबिक गाडी त्या अवाढव्य कंपनीकडे नव्हती. अभियंते ॲलेक इसिगोनिस यांची मिनी ही छोटी गाडी तंत्राच्या दृष्टीने काळाच्या पुढे होती आणि विकलीही भरपूर जात होती, पण तिच्यातून मिळणारा नफा तुटपुंजा होता. शिवाय आपल्या फिरत्या विक्रेत्यांसाठी एकदम अनेक गाड्या घेणाऱ्या कंपन्यांना तंत्रातली नवलाई नको होती. कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होईल आणि ज्याचा खर्च आधीच सांगता येईल, असे वाहन त्यांना हवे होते. म्हणून इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंग, अशी रूढ रचना जाणीवपूर्वक स्वीकारली गेली. या गाडीचे, म्हणजे मरीनाचे, रूप रॉय हेन्स यांनी ठरवले. दुसऱ्या पिढीच्या कॉर्टिनाचे रूपही त्यांचेच होते. एप्रिल १९७१ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथून ही गाडी बाजारात आली, १९७३ मध्ये ब्रिटनमधल्या विक्रीत ती कॉर्टिनाच्या खालोखाल दुसरी होती आणि १९८० पर्यंत आठ लाखांहून अधिक मरीना बनल्या. जिने आपले नेमून दिलेले काम केले, तिला निकृष्ट कसे म्हणावे?

प्रतिसाद १

धागाकर्त्यांनी रूढ रचनेचे समर्थन केले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण कॉर्टिनाही रूढ रचनेचीच होती. आक्षेप आहे तो शिळ्या सामग्रीला. मरीनाचे पुढचे सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी व्यवस्था) टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आणि लिव्हर-आर्म (भुजेने चालणारे, जुन्या पद्धतीचे) शॉक ॲब्सॉर्बर यांचे होते, आणि ते १९४८ सालच्या मॉरिस मायनरवरून घेतले होते. मायनर ही हलकी आणि लहान गाडी होती. त्याच मांडणीवर १७९८ सीसीचे जड लोखंडी इंजिन ठेवल्यावर जे व्हायचे तेच झाले: सुरुवातीच्या गाड्यांमध्ये वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे तोंड बाहेरच ओढले जाई. पत्रकारांनी ते ताबडतोब दाखवून दिले आणि कंपनीला सस्पेन्शनमध्ये घाईने बदल करावे लागले. जी गोष्ट चाचणीच्या मैदानावर दिसायला हवी होती, ती ग्राहकाच्या हाती गाडी जाताना दिसावी, याला मी निकृष्टच म्हणेन. त्याआधीच, १९७० मध्ये, तिसरी कॉर्टिना पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आणि मोठ्या प्रकारांत नवे ओव्हरहेड कॅमचे (झडपा उघडणारा दांडा माथ्यावर असलेले) इंजिन घेऊन आलेली होती.

प्रतिसाद २

माझे वडील बरीच वर्षे अँबॅसिडर चालवत होते, म्हणून या चर्चेत थोडी भर घालतो. अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेपासून आलेली गाडी, आणि तिचे प्रदीर्घ काळ चाललेले १४८९ सीसीचे इंजिन बी-सिरीज घराण्यातले होते. मरीनाचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले थोरले भावंड. ही इंजिने किती सोशिक असतात, ते मी जवळून पाहिले आहे: साध्या हत्यारांनी खोलता येत, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत आणि मेकॅनिकला पुस्तक उघडावे लागत नसे. तरीसुद्धा या उदाहरणाने मरीनाचा बचाव होतो असे मला वाटत नाही. आपल्याकडे त्या काळी पर्याय दोन-तीनच होते आणि गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ब्रिटिश ग्राहक मात्र त्याच दिवशी फोर्ड किंवा व्हॉक्सहॉलच्या विक्रेत्याकडे जाऊ शकत होता, आणि सत्तरच्या दशकात डॅटसनकडेही.

मूळ लेखकाचे उत्तर

सस्पेन्शनबाबतचा आक्षेप मला मान्य आहे, आणि मूळ लेखनात तो मीच मांडायला हवा होता. मात्र १९६८ च्या विलीनीकरणानंतर १९७१ च्या वसंतात गाडी बाजारात, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा हा कालावधी. तेवढ्यात नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि नवे सस्पेन्शन घडवणे कोणत्याही कारखान्याला अवघडच होते. म्हणून इंजिने विलीनीकरणात आलेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी), गिअरबॉक्स समूहातल्याच ट्रायम्फकडून आणि सस्पेन्शन मायनरचे, अशी जुळवाजुळव झाली. उत्तम गाडी येईपर्यंत जागा धरून ठेवणारी गाडी म्हणून हे समजण्यासारखे आहे. माझ्या मते खरा दोष पुढच्या वर्षांत आहे. १९७५ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात गेली आणि तात्पुरती म्हणून आलेली मरीना तशीच पुढे रेटली गेली. नवे ओ-सिरीज इंजिन तिला मिळाले ते थेट १९७८ मध्ये. १९८० मध्ये तिच्याच सांगाड्यावर इटाल हे नवे नाव चढवून ती १९८४ पर्यंत चालवली, तेव्हाही पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचेच होते. १९७१ च्या अभियंत्यांना या तेरा वर्षांचा जाब विचारणे मला पटत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तेरा वर्षांचा जाब व्यवस्थापनाला विचारावा, हे मान्य. पण पहिल्या दिवसाचा जाब अभियंत्यांकडे राहतोच, कारण स्वस्त गाडी घेणारा माणूस बहुधा आयुष्यातली पहिली नवी गाडी घेत असतो आणि बचतीतले पैसे त्यात घालतो. त्याला 'ही तात्पुरती व्यवस्था आहे' असे विक्रीच्या वेळी कोणी सांगितले नव्हते. एवढे मात्र मोकळेपणाने नोंदवतो की, मरीनाच्या दाराची मूठ इतकी सुबक आणि साधी होती की रेंज रोव्हर आणि लोटस एस्प्रिट या महागड्या गाड्यांनीही तीच वापरली. हेन्स यांच्या गटाने मन लावून काम केले होते याची ती खूण आहे. तेवढेच लक्ष पुढच्या चाकांकडे गेले असते, तर मी आज आपल्या बाजूने लिहीत असतो.